सर्वो बदलण्याआधी प्ले शोधा: मॉडेल विमानाच्या कंट्रोलमधली ढिलाई कशी ओळखायची

जमिनीवर एलेव्हेटर (शेपटीवरची, विमानाचं नाक वर-खाली करणारी हलती फळी) अगदी सरळ रेषेत दिसतो. ट्रिम (फळीची मधली जागा क्लिक-क्लिकने बारीक सरकवणारं रेडिओवरचं बटण) शून्यावर असते. विमान हवेत गेलं की नाक हळूहळू वर जाऊ लागतं. एक क्लिक खाली दिली की ते डुबकी घ्यायला बघतं, ती क्लिक परत घेतली की पुन्हा पहिलाच प्रकार. उतरवून पाहावं तर एलेव्हेटर जिथल्या तिथे. नव्या माणसाला वाटतं, रेडिओत घोळ आहे किंवा विमानाचा बॅलन्स चुकला आहे. तसं असूही शकतं. पण आधी रिसीव्हर (रेडिओचे इशारे घेणारा विमानातला भाग) चालू ठेवून एलेव्हेटरची मागची कड दोन बोटांत धरा आणि हलकेच वर-खाली करा. काहीही न अडता ती दीड-दोन मिलिमीटर हलली, तर हवेत तो एलेव्हेटर नेमका कुठे उभा आहे हे ना तुम्हाला ठाऊक, ना रेडिओला.

जुन्या गाडीचं स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी चाक जागचं हलत नाही, तेव्हा मेकॅनिक म्हणतो, ‘प्ले आलाय’. हा तोच प्ले. दोन जोडलेल्या भागांमध्ये उरलेली मोकळी जागा. मॉडेल विमानात सर्वोच्या गिअरपासून बिजागरीपर्यंत असे सहा-सात जोड असतात आणि प्रत्येक जोडातली मोकळी जागा पुढच्या जोडात मिसळत जाते. म्हणूनच ‘सर्वो खराब आहे’ हा निकाल फार घाईत दिला जातो. पुष्कळदा खोट सर्वोच्या बाहेर असते आणि एक तार बदलून किंवा भोक बदलून ती निघते.

## आधी चार शब्द

सर्वो म्हणजे रिसीव्हरच्या इशाऱ्यावर ठरावीक कोनात फिरणारी छोटी पेटी. तिच्या दांड्यावर बसते ती पट्टी म्हणजे आर्म. आर्मपासून निघणारी तार किंवा काडी म्हणजे पुशरॉड. पंखावरचे एलेरॉन, शेपटीवरचा एलेव्हेटर आणि उभ्या शेपटीवरचा रडर या हलत्या फळ्यांना मी सरसकट सरफेस म्हणेन. सरफेसवर उभा बसवलेला खुंट, ज्याला पुशरॉडचं दुसरं टोक अडकतं, तो हॉर्न. एवढ्यावर पुढचं सगळं भागेल.

## सर्वोला काय दिसतं?

सर्वोच्या पेटीत एक मोटर, चार-पाच गिअर, एक इलेक्ट्रॉनिक पाटी आणि एक पोटेन्शिओमीटर असतो. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तोच भाग. तो बाहेरच्या दांड्याला जोडलेला असतो आणि दांडा किती फिरला ते पाटीला सांगत राहतो. रिसीव्हर दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद पाठवतो (डिजिटल सर्वोला याहून जलदही पाठवता येतो). स्पंद १५०० मायक्रोसेकंदांचा असेल तर मधली जागा, १००० आणि २००० ही दोन टोकं. या टोकांमध्ये सर्वो साधारण ९० अंश फिरतो, म्हणजे एका मायक्रोसेकंदाला जेमतेम ०.०९ अंश. अगदी बारीक फरकाला सर्वोने सारखं दचकू नये म्हणून काही मायक्रोसेकंदांपर्यंतची चूक तो मुद्दाम सोडून देतो. याला डेडबँड म्हणतात.

सर्वोला कळतो तो फक्त स्वतःचा दांडा. डोळे बांधलेल्या माणसाला आपला पंजा कुठे आहे ते कळतं, पण पंजातली काठी सैल असेल तर तिचं टोक कुठे डुलतंय याची त्याला गंधवार्ता नसते. आर्मच्या भोकापासून पुढची ढिलाई सर्वोच्या हिशेबात येतच नाही. महागडा, वेगवान, डिजिटल सर्वो लावला तरी नाही.

## ०.३ मिलिमीटर कुठे फुगतो?

समजा हॉर्नला १.५ मिमीचं भोक आहे आणि त्यात १.२ मिमीची तार आहे. मोकळी जागा ०.३ मिमी. डोळ्याला ती धड दिसतही नाही. भोक बिजागरीच्या रेषेपासून १० मिमी उंचीवर असेल आणि सरफेसची रुंदी (बिजागरीपासून मागच्या कडेपर्यंत) ५० मिमी असेल, तर मागची कड ०.३ च्या पाचपट, म्हणजे १.५ मिमी हलते. कोनात सांगायचं तर १.७ अंश. आर्मच्या बाजूलाही तेवढीच ढिलाई असेल तर ३ मिमी. आता तीच तार, तेच भोक, फक्त हॉर्नवरची उंची २० मिमी करा. प्रत्येक आकडा निम्मा होतो.

हिशोब असा: सरफेसची रुंदी भागिले हॉर्नची उंची, गुणिले पुशरॉडवरची ढिलाई. दाराच्या बिजागरीजवळ किंचित सरकलेली गोष्ट दाराच्या दुसऱ्या कडेला बोटभर होते, तसंच हे.

सर्वोच्या बाजूला नेमकं उलटं. गिअरमध्ये १ अंशाचा प्ले असेल तर १२ मिमीच्या आर्मच्या टोकाला पुशरॉड ०.२१ मिमी सरकतो, ६ मिमीवर ०.१ मिमी. म्हणून आर्मवर आतलं भोक आणि हॉर्नवर बाहेरचं भोक. १२ मिमीचा आर्म आणि १० मिमीचा हॉर्न असेल तर सर्वोतला १ अंश सरफेसवर १.२ अंश होतो. ६ आणि २० केलं की ०.३ अंश. सर्वो तोच, गिअर तेच, प्ले चौपट कमी.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. लांब आर्म तसाच ठेवतात, सरफेस फार हलतो असं दिसलं की ट्रान्समीटरमध्ये (हातातल्या रेडिओत) ट्रॅव्हल, म्हणजे सर्वोचं फिरणं, कमी करतात. १२ आणि १० च्या जोडीवर सरफेसला १२ अंश हवे असतील तर सर्वोला फक्त १० अंश फिरू द्यावं लागतं. मध्यापासून एका बाजूच्या ४५ पैकी उरलेले ३५ अंश वाया. जोर वाया, बारकावा वाया आणि प्ले व डेडबँड पूर्ण आकारात सरफेसवर. ६ आणि २० च्या जोडीवर तेच १२ अंश सर्वोच्या पूर्ण ४५ अंशांतून मिळतात. ट्रॅव्हल आधी भोकांनी ठरवावी, ट्रान्समीटरने फक्त शेवटचा हात फिरवावा.

## तपासणी: कोण हललं आणि कोण नाही

इलेक्ट्रिक विमानाचा प्रोपेलर काढून ठेवा. यात कुचराई नको. तपासणीच्या नादात थ्रॉटलला बाही लागायला वेळ लागत नाही. रिसीव्हर चालू असू द्या. बंद सर्वो बोटाच्या जोराने फिरू शकतो आणि मग प्ले कुठला आणि सर्वोचं फिरणं कुठलं, ते वेगळं करता येत नाही.

मागच्या कडेशेजारी फूटपट्टी टेकवा. कड हलक्या हाताने वर, मग खाली, आणि मधलं अंतर वाचा. जोर एवढाच लावा की सरफेस अडेपर्यंत जाईल, पुढे नाही. प्ले असेल तर सरफेस आधी फुकट हलतो आणि मग टक् करून अडतो. पहिल्यापासूनच स्प्रिंगसारखा दाब लागत असेल आणि सोडल्यावर तो जागेवर येत असेल, तर तो प्ले नव्हे, लवचीकपणा आहे. त्याचा इलाज वेगळा आहे, तो पुढे येईल.

आता एका हाताने सरफेस तसाच हलवत ठेवा आणि नजर सर्वोकडून सुरू करून एकेका जोडावर न्या. सर्वोची पेटीच जागेवरून डुलते का? डुलत असेल तर दोष बसवणीचा. पेटी स्थिर पण आर्म हलतो? मग आर्मच्या मधल्या स्क्रूकडे पाहा. दांडा स्थिर आणि आर्म त्यावर सैल, की दोन्ही एकत्र हलतात? एकत्र हलत असतील तरच प्ले गिअरचा. आर्म स्थिर आणि पुशरॉड हलतो, तर आर्मचं भोक. पुशरॉड स्थिर आणि हॉर्न हलतो, तर हॉर्नचं भोक किंवा क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाची, भोकात खुंटी अडकवणारी चिमट्यासारखी कडी). हॉर्नही स्थिर आणि सरफेस हलतो, तर हॉर्नची बसवण सैल आहे किंवा सरफेसच पिळवटतो आहे.

डोळ्यापेक्षा बोट हुशार असतं. बोटाचं टोक अर्धं हॉर्नवर आणि अर्धं क्लेव्हिसवर टेकवून सरफेस हलवा, ०.१ मिमीचा सरकाही बोटाला कळतो. बोट शिरत नाही तिथे मोबाइलवर जवळून स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. आर्म आणि दांड्यावर मिळून मार्करने एक बारीक रेघ मारली तर रेघ तुटते की नाही ते त्यात स्पष्ट दिसतं.

शेवटी बिजागरी. सरफेस पंखाच्या लांबीच्या दिशेने सरकतो का, पुढे-मागे खेचला तर फट वाढते का, एवढं बघा.

एलेव्हेटरला एक जादा चाचणी लागते. डावा अर्धा घट्ट धरा आणि उजवा हलवा. मधली जोडतार बारीक असेल तर पुशरॉड कितीही चांगला असो, एक बाजू मोकळीच राहते. ही जुनी गोष्ट आहे. १९१६ साली हँडली पेजच्या जुळ्या इंजिनांच्या बॉम्बरची शेपटी उडताना जोरात थरथरू लागली, तेव्हा ब्रिटिश अभियंते एफ. डब्ल्यू. लँचेस्टर यांनी मुळाशी हेच शोधलं: डावा-उजवा एलेव्हेटर एकमेकांशी ताठ जोडलेले नव्हते. उपाय होता दोन्ही जोडणारी भक्कम नळी.

## प्ले नाही, तरी मध्य सापडत नाही

स्टिक पूर्ण वर नेऊन हळूच मध्यावर आणा, कडेची जागा पट्टीवर टिपा. मग पूर्ण खाली नेऊन हळूच मध्यावर, पुन्हा टिपा. दोन खुणा वेगळ्या आल्या आणि बोटाने मात्र काहीच फुकट हलत नसेल, तर गुन्हेगार घर्षण आहे. बिजागरी कडक, नळीतून जाणारा पुशरॉड वळणावर घासतोय, किंवा क्लेव्हिस हॉर्नला आवळून बसलाय. सर्वो मध्यावर यायला बघतो, शेवटचा थोडा जोर कमी पडतो आणि तो तिथेच गुरगुरत बसतो. पुशरॉड सोडवा आणि सरफेस स्वतःच्या वजनाने पडतो का ते पाहा. पडला नाही तर आधी बिजागरी मोकळी करा. (चिकटपट्टीच्या किंवा फोमच्याच बिजागरीत थोडा ताठपणा राहतो, त्याला ही परीक्षा लावू नये.)

पुशरॉड सोडवल्यावरही आर्म दोन बाजूंनी वेगवेगळ्या जागी थांबत असेल, तर मात्र दोष सर्वोचा. आणि तो एकाच ठिकाणी, बहुधा मध्याजवळ, थरथरत असेल तर पोटेन्शिओमीटर झिजला आहे. सर्वो आयुष्यातला जास्त वेळ तिथेच घालवतो. अशा सर्वोत नवे गिअर घालून काही उपयोग नाही.

## एकेका जोडाचा इलाज

आर्म दांड्यावर सैल असेल तर स्क्रू आवळण्याआधी दाते मोजा. दांड्यांवरच्या दात्यांची संख्या कंपनीनुसार बदलते: मोठ्या सर्वोंमध्ये फुताबाची २५, हायटेकची बहुधा २४, जेआरची २३. चोवीस दात्यांचा प्लास्टिकचा आर्म पंचवीसवर दाबून बसतोही, आणि बसला म्हणून चालतोय असं वाटतं. तो हवेत कधीतरी घसरतो.

झिजलेल्या भोकासाठी सर्वांत चांगला उपाय म्हणजे आर्मवरचं किंवा हॉर्नवरचं न वापरलेलं भोक. नवं भोक तारेपेक्षा बारीक पाडा आणि हाताने ड्रिल बिट फिरवत तार जेमतेम जाईल एवढंच मोठं करा. मोटरच्या ड्रिलने पाडलेलं भोक बहुधा सैल होतं. पातळ सायनोअॅक्रिलेटचा (सुपर ग्लूचा) थेंब भोकात सुकवून पुन्हा भोक पाडायची युक्ती हळू उडणाऱ्या फोमच्या विमानात काही काळ टिकते. पण आर्म सर्वोवरून काढूनच ती करा. थेंब ओघळून दांड्यात गेला तर सर्वोच कायमचा चिकटतो.

झेड आकारात वाकवलेली तार साधी आणि भरवशाची. मात्र कोपरे गोलसर आले तर ती भोकात तिरकी बसते आणि भोक लवकर खाते. क्लेव्हिसच्या खुंटीला भोक नेमकं हवं, वर नळीचा छोटा तुकडा सरकवून जबडा उघडणार नाही असं करा आणि मागे लॉक नट लावा, म्हणजे आट्यांमधली ढिलाईही जाते. स्क्रूने तार पकडणारा गोल कनेक्टर सोयीचा असतो, पण तो आर्मच्या भोकात फिरण्यासाठीच सैल बसवलेला असतो. खालचा नट कालांतराने सुटतो. वेगवान विमानाच्या एलेव्हेटरला तो नको, हे माझं ठाम मत. बॉल लिंकमध्ये (गोळी आणि तिच्यावर बसणारी वाटी असा जोड) सुरुवातीला प्ले जवळजवळ नसतो. प्लास्टिकची वाटी झिजली की सबंध वाटीच बदलायची, आवळून काही होत नाही.

सर्वोची पेटी डुलत असेल तर स्क्रूच्या भोकातलं रबरी कडं (ग्रॉमेट) आणि त्याच्या आतली पितळी नळी (आयलेट) पाहा. आयलेटची रुंद कड लाकडाकडे आणि स्क्रूचं डोकं वरून, म्हणजे स्क्रू आयलेटवर अडतो आणि रबर चिरडत नाही. आयलेट विसरले तर एकतर रबर चेपतं किंवा स्क्रू सैल ठेवावा लागतो. लाकडातले आटे गेले असतील तर भोकात पातळ सायनोअॅक्रिलेट सोडा, पूर्ण वाळू द्या आणि मग स्क्रू परत घाला. ग्लू गनने चिकटवलेले सर्वो उन्हात उभ्या विमानात सुटतात, कारण तो गोंद उष्णतेनेच मऊ होतो.

आता लवचीकपणा. लांब, बारीक तार ओढताना ताठ असते, ढकलताना मात्र धनुष्यासारखी वाकते. त्यामुळे सरफेस एका दिशेने नीट आणि दुसऱ्या दिशेने ढिला वाटतो. तार मध्यावर नळीच्या तुकड्यातून नेऊन नळी चिकटवली की आधाराविना राहिलेली लांबी निम्मी होते आणि वाकण्याआधी ती चौपट जोर सोसते. दोन थेंब गोंदाच्या कामात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

## ‘पण नव्या सर्वोतही प्ले आहेच की!’

असतोच. दात्यांमध्ये अजिबात फट नसेल तर गिअर फिरणारच नाहीत. म्हणून एकट्या सर्वोच्या आकड्याला अर्थ नाही. त्याच मॉडेलच्या नव्या सर्वोशी तुलना करा. धातूचे गिअर असले की प्ले नसतो हीही समजूतच. आपटल्यावर नायलॉनचा दाता तुटतो, धातूचा तगतो, एवढा फायदा खरा. पण धातूचे दाते वापराबरोबर हळूहळू झिजतात आणि प्ले वाढत जातो. तुटलेला दाता वेगळा ओळखू येतो: आर्म सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेताना एका ठरावीक जागी तो उडी मारतो.

दांडा डावी-उजवीकडे कलंडत असेल तर गिअर नव्हे, दांड्याची बुश (त्याला धरून ठेवणारी कडी) झिजली आहे. बॉल बेअरिंगचा सर्वो इथे जास्त टिकतो.

## ‘हवेचा दाब सरफेसला एका बाजूला दाबूनच ठेवतो ना?’

हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. सरफेसवर सतत एकाच दिशेने भार असेल तर प्ले एका टोकाला जाऊन बसतो आणि विमान शहाण्यासारखं उडतं. पण सरळ उड्डाणात, सरफेस मध्याजवळ असताना, हा भार शून्याच्या आसपास असतो. वेग बदलला, झुळूक आली की त्याची दिशा पालटते आणि सरफेस प्लेच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उडी घेतो. सुरुवातीच्या एलेव्हेटरचं कोडं ते हेच. स्प्रिंग किंवा रबर लावून सरफेसला मुद्दाम एका बाजूला ताणून ठेवता येतं. हळू उडणाऱ्या हलक्या विमानात ते चालतं, पण तेवढा जोर सर्वोला कायम वाहावा लागतो.

## ‘जायरो लावला की सगळं सावरेल’

उलट बिघडण्याची शक्यता जास्त. जायरो, म्हणजे विमानाचं झुकणं ओळखून सर्वोला आपणहून इशारे देणारा भाग, सतत बारीक दुरुस्त्या पाठवतो. त्या प्लेमध्येच विरतात, विमान आणखी झुकतं, जायरो दुरुस्ती वाढवतो, मग सरफेस एकदम हलतो आणि विमान पलीकडे जातं. शेपटी हलवत उडणारं विमान दिसलं की लोक गेन (जायरोच्या दुरुस्तीचा जोर) कमी करतात. थरथर थांबते, पण जायरोचा उपयोगही तेवढाच उरतो. आधी प्ले काढा, मग गेन लावा.

## किती चालतो?

सावकाश उडणाऱ्या शिकाऊ विमानात ५० मिमी रुंद एलेरॉनच्या कडेला १ मिमी, म्हणजे साधारण १ अंश, मी सोडून देईन. एलेव्हेटरला त्याच्या निम्मा. वेगवान विमान किंवा डाइव्ह घेणारं ग्लायडर असेल तर बोटाला काही कळताच कामा नये. कारण वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो आणि तिथे फ्लटरची भीती असते. सैल कडीचा दरवाजा वाऱ्यात खडखडतो, तसा सरफेस स्वतःच हेलकावे घेऊ लागतो. फरक एवढाच की इथे प्रत्येक हेलकावा हवेतून नवी ऊर्जा खेचतो आणि पुढचा मोठा होतो. सरफेसचं वजन बिजागरीच्या जितकं मागे, तितका धोका जास्त. जाड रंग किंवा मागच्या कडेला चिकटवलेली पट्टीसुद्धा त्यात भर घालते.

उडताना अचानक भुंग्यासारखी घरघर ऐकू आली तर थ्रॉटल लगेच बंद करा, नाक अलगद वर घेऊन वेग उतरवा आणि विमान खाली आणा. आवाज थांबला म्हणून पुढे उडवू नका. उतरल्यावर त्या सरफेसचा सर्वो पूर्वी ठीक होता हे विसरून पुन्हा पहिल्यापासून तपासा: थोड्या सेकंदांच्या फ्लटरमध्ये गिअरचे दाते, आर्मचं भोक, हॉर्नचे स्क्रू आणि बिजागऱ्या सगळंच सैल झालेलं असू शकतं, आणि घरघर सुरू होण्याआधी तो प्ले तिथे नव्हता.